अंतरपाटाच्या एकाच बाजूस

बडोद्यातील एका चोवीस वर्षांच्या तरुणीने जून २०२२ मध्ये स्वतःशीच विवाह केला. हळद लागली, मेंदी रंगली, आणि होमाभोवती ती एकटीच फिरली. विधी देवळात व्हावा अशी तिची इच्छा होती. परंतु सत्ताधारी पक्षाच्या एका स्थानिक पदाधिकारी बाईंनी देवळाचे दार अडविण्याची भाषा केली आणि भटजींनीही अंग काढून घेतले. तेव्हा ११ जूनचा मुहूर्त ८ जूनवर आणून, मोजक्या स्नेह्यांच्या साक्षीने, ध्वनिमुद्रित मंत्रांवर हा सोहळा घरातच उरकण्यात आला. असल्या विवाहांनी हिंदूंची लोकसंख्या घटेल, असेही त्या वेळी गंभीरपणे सांगण्यात आले. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाला बंदी केली आणि १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाची वाट मोकळी करून दिली, तेथेच एका मुलीच्या हळदीने एवढी खळबळ माजावी, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

कायद्याच्या दृष्टीने येथे घाबरण्यासारखे काहीच नव्हते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा 'दोन' हिंदूंच्या विवाहाविषयी बोलतो, आणि जेथे सप्तपदीचा विधी असतो तेथे वधूवरांनी मिळून सातवे पाऊल टाकल्यावरच विवाह पूर्ण झाला असे मानतो. एकट्याने टाकलेल्या पावलांची त्यात नोंद नाही. म्हणजे बडोद्यात झाला तो विवाह नव्हेच. मग धर्म बुडाला तो कशाने?

विवाहाला दुसरे माणूस नसले तर आमच्या धर्माला ते खपत नाही, असे तर मुळीच नाही. कुंडलीत वैधव्ययोग निघाला की मुलीचे लग्न आधी कुंभाशी लावण्याची रीत आहे. तिसरे लग्न अशुभ म्हणून बिजवराने आधी रुईच्या झाडाशी विवाह करावा आणि मग तिसरीला चौथी म्हणून घरात आणावे, ही तोड शास्त्र जाणणाऱ्यांनीच काढलेली. आणि जेजुरीच्या खंडोबाला मुरळी म्हणून वाहिलेल्या पोरींचे काय? भंडारा उधळून त्यांची लग्ने देवाशी लागली, तेव्हा देवळाच्या पायऱ्यांवर कोणी आडवे पडले नाही. अशा प्रथा मोडण्यासाठी मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा करावा लागला आणि महाराष्ट्राला २००५ साली तो नव्याने करावा लागला. घट चालतो, झाड चालते, देव चालतो; कारण त्या प्रत्येक ठिकाणी लग्न ठरविणारे दुसरेच कोणी असते. बडोद्याच्या मुलीचा अपराध एवढाच की, तिने कोणाला विचारले नाही.

असे असले तरी तिने योजिलेला मार्ग आम्हांला पटत नाही. विवाह हा करार आहे की संस्कार, हा वाद जुना आहे. पण दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे, ती ही की दिलेल्या शब्दाचा जाब विचारणारे दुसरे कोणी असावे लागते. स्वतःला दिलेले वचन मोडले तर गाऱ्हाणे कोणाकडे न्यावयाचे? शिवाय जेथे भावना असते तेथे दुकान उघडायला वेळ लागत नाही. जपानमध्ये क्योटोच्या एका प्रवाससंस्थेने २०१४ सालीच एकट्या स्त्रियांसाठी वधूवेष, केशभूषा व छायाचित्रे यांचा दोन दिवसांचा कार्यक्रम विक्रीस काढला होता. आपल्याकडे मंगल कार्यालये आहेत, केटरर आहेत. बाजाराला नवऱ्यामुलाची अडचण कधीच नव्हती.

परंतु मार्ग चुकला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. स्त्रीच्या आयुष्यात ती सर्वांच्या मध्यभागी उभी आहे, असा दिवस समाजाने एकच नेमून दिला आहे, आणि तो लग्नाचा. तो दिवस जिच्या वाट्याला आला नाही तिने तीस-पस्तीस वर्षे शाळेत शिकवावे, वडिलांचे आजारपण काढावे, भावाच्या मुलांच्या फिया भराव्यात. तिच्यासाठी विधी नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि मुख्याध्यापकांचे भाषण, तेवढेच काय ते.

नवलाची गोष्ट ही की, याबाबतीत कायदा समाजाच्या पुष्कळ पुढे गेला आहे. अविवाहित हिंदू स्त्रीला दत्तक घेण्याचा अधिकार १९५६ पासून आहे. अविवाहित मातेला पित्याचे नाव न सांगता मुलाचे पालकत्व मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणे आवश्यक केले. आणि इकडे पन्नाशीच्या बाईला भाड्याने जागा पाहावयाची असेल, तर घरमालकाचा पहिला प्रश्न असतो, 'बरोबर कोण राहणार?'

आमच्या परिचयातील एका अविवाहित शिक्षिकेने भविष्यनिर्वाह निधीतील पैसा आणि बँकेचे कर्ज यांतून दोन खोल्यांचे घर घेतले. वास्तुशांतीला पाटावर बसले ते तिचे धाकटे बंधू आणि भावजय. घरधनी एकटा पुरुष असता, तर गुरुजींनी त्याच्या कमरेला सुपारी लावून काम निभावले असते; बाईच्या बाबतीत ती सुपारी त्यांना सुचली नाही, आणि तिनेही ती मागितली नाही. संकल्पात नाव भावाचे उच्चारले गेले. हप्ते जिच्या पगारातून कापले जाणार होते ती त्या वेळी स्वयंपाकघरात नैवेद्याचे ताट वाढीत होती.