तार तुटणारच, काम का तुटावे?

११ ऑगस्ट २००७ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या विमानतळावर परदेशांहून आलेले १७,००० हून अधिक उतारू तासन् तास अडकून पडले. पुष्कळांना विमानातून खाली पाऊलही ठेवता आले नाही. हे संकट वादळाचे नव्हते, संपाचे नव्हते, की घातपाताचेही नव्हते. सीमाशुल्क खात्यातील एका संगणकाचे नेटवर्क कार्ड बिघडले, त्यापायी तेथील अंतर्गत जाळे कोलमडले आणि उतारूंची तपासणी करणारी यंत्रणा ठप्प झाली. दोष प्रथम बाहेरच्या वाहिन्यांत शोधण्यात आला. तो निघाला घरातच!

ही कथा दूरदेशीची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. बँकेच्या वा टपाल कचेरीच्या खिडकीवर 'सर्व्हर डाउन आहे' हे उत्तर आपणही निमूटपणे ऐकून घेत आलो आहोत. अशा वेळी मुख्य संगणक पुष्कळदा धडधाकट असतो; तुटलेला असतो तो त्याच्यापर्यंत जाणारा कचेरीतील मार्ग. निवृत्तिवेतनासाठी आलेल्या वृद्धाला मात्र हा भेद कळून काय उपयोग? त्याचा हेलपाटा चुकत नाही.

तार निखळणार, स्विच बंद पडणार, हे गृहीतच धरले पाहिजे. आमची तक्रार तारेविषयी नसून, ती कधी तुटणारच नाही अशा समजुतीने लिहिलेल्या आज्ञावलीविषयी आहे. अशी आज्ञावली उत्तराची वाट पाहत गोठते, नाही तर अर्धवट नोंद टाकून कोसळते. १९९० च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील पीटर डॉइच आदी तज्ज्ञांनी या क्षेत्रातील भ्रामक समजुतींची यादी केली. 'जाळे भरवशाचे असते' हा तीतील पहिलाच भ्रम होय. रोगाचे निदान इतके जुने असता रोग मात्र कायम राहावा, हे लाजिरवाणे नव्हे काय?

उपाय अवघड नाहीत. प्रतीक्षेला मर्यादा असावी. भरलेली माहिती त्याच संगणकावर जपली जावी. संपर्क जुळताच ती आपोआप पुढे जावी. आणि एकच व्यवहार दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असावा. शिवाय कागदाची सवय मोडू देऊ नये. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचे जाळे जवळजवळ चार दिवस विस्कळीत झाले, तेव्हा रुग्णसेवा चालू राहिली ती कागदाच्याच आधाराने.

जाळी दुहेरी टाकल्याने भागेल, असे काहीजण म्हणतील. ती अवश्य टाकावीत. पण दुहेरी जाळेही एक दिवस बंद पडेल. म्हणून बँका, रुग्णालये व सरकारी खाती यांनी नवी आज्ञावली पत्करण्यापूर्वी, काम ऐन भरात असताना तार उपसून पाहावी. या कसोटीस जी उतरत नाही तिचे पैसे चुकते करू नयेत. आज ही परीक्षा खिडकीवरच्या नागरिकाच्या जिवावर होत आहे. ती खरेदीच्या दारातच व्हावयास पाहिजे.