निस्ताराचं विंडोज

मेच्या शेवटच्या आठवड्यात धानोरा तालुक्यात अवकाळी पाऊस आला, तो विजा घेऊनच. धानोऱ्याहून मुरूमगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या भाचीचं आपले सरकार सेवा केंद्र आहे. आभाळ भरून आलेलं बघून ती मेन स्विच पाडायला उठली आणि तेवढ्यात लखलखलं. ती सुखरूप आहे. संगणकाचा बोर्ड मात्र उडाला.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मावशी, डिस्क वाचली. दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरला लावली तं सगळं जसंच्या तसं सुरू झालं. पण कोपऱ्यात लिहून येते, विंडोज ॲक्टिव्हेट करा म्हणून. काहून? विंडोज तं माझंच आहे ना? बिलाचे पैसे मी भरले."

मी गडचिरोलीत बरीच वर्षं एमएस-सीआयटीचे वर्ग घेतले आहेत. फाईल कुठं ठेवायची, पेन ड्राईव्ह कसा काढायचा, मराठी टंकलेखन कसं करायचं, हे शेकडो मुलांना शिकवलं. पण ज्या विंडोजवर हे सगळं चालतं ते नेमकं कुणाच्या मालकीचं, हे एकाही वर्गात सांगितलं नाही. भाचीही त्यातल्याच एका वर्गात बसली होती. तिला फोनवर उत्तर देताना मला फार जड गेलं.

उत्तर असं आहे. दुकानातून विंडोज घालूनच मिळणारा संगणक घेतला की त्यातला परवाना ओईएम प्रकारचा असतो. यंत्र बनवणारी कंपनी तो मायक्रोसॉफ्टकडून घाऊक घेते, म्हणून तो स्वस्त पडतो, आणि ज्या यंत्रावर पहिल्यांदा चढला त्या यंत्राशीच कायमचा बांधला जातो. यंत्र म्हणजे त्यातलं नेमकं काय? रॅम वाढवा, डिस्क बदला, काही बिघडत नाही. मदरबोर्ड बदलला की करारापुरतं ते नवं यंत्र झालं. कंपनीनं वॉरंटीत खराब बोर्ड बदलून दिला तर परवाना टिकतो. भाचीची वॉरंटी मागच्या दिवाळीत संपली होती.

एक्सपी आणि सेव्हनच्या दिवसांत डब्यावर स्टिकर असायचा आणि त्यावर पंचवीस अक्षरांची की छापलेली असायची. उन्हानं, धुळीनं ती पुसून जाई, पण निदान डोळ्यांना दिसत तरी होती. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून मोठ्या कंपन्यांच्या संगणकांत की कारखान्यातच मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिली जाते. डिस्क कोरी करून तीच आवृत्ती पुन्हा टाकली की विंडोज ती की स्वतःच वाचून घेतं, कुणाला काही टंकावं लागत नाही. बोर्ड जिवंत असेपर्यंत ही मोठी सोय आहे. वीज पडली की डिस्कवरचे सगळे अर्ज, सगळे स्कॅन केलेले दाखले वाचतात आणि परवाना चिपबरोबर राख होतो.

वेगळा विकत घेतलेला परवानाही मिळतो, त्याला रिटेल म्हणतात. तो महाग असतो, पण एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. एका वेळी एकच यंत्र, एवढीच अट. आपल्याकडचा परवाना कुठल्या जातीचा हे बघायला मिनिटसुद्धा लागत नाही. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत एस एल एम जी आर ही अक्षरं, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच डी एल आय असं टंका. समोर येणाऱ्या मजकुरात ओईएम किंवा रिटेल असा शब्द असतो. हे मी आज सांगते आहे. वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

भाचीला हे सगळं समजावताना मला निस्तार आठवला. आमच्या भागात हा शब्द कुणाला सांगावा लागत नाही, पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. जुन्या मध्य प्रांतात गावकऱ्यांना घर, कुंपण, नांगर-वखर आणि चूल यांसाठी जवळच्या जंगलातून बांबू, लाकूड, सरपण आणायचा हक्क असे. मालगुजारी गेल्यावर हे हक्क निस्तार पत्रकात लिहून ठेवले गेले. निस्ताराचा बांबू बाजारापेक्षा स्वस्त, कारण तो घरच्या वापराचा, विकायचा नाही. स्वस्त हवं तर बंधन घ्या, हा व्यवहार आमच्या आजोबा-पणजोबांना समजत होता आणि त्यात त्यांना अन्यायही वाटला नसावा. ओईएम परवाना मला तसाच वाटला. निस्ताराचं विंडोज.

पण भाचीच्या केंद्रावर जाऊन परतीच्या एसटीत बसल्यावर ही तुलना डोक्यातून जाईना, आणि जसजसा विचार केला तसतशी ती एका जागी तुटत गेली. निस्तार गावाला असतो, माणसाला असतो. एखाद्याचं घर वणव्यात जळलं तर त्याचा निस्तार जळत नाही. उलट नवं घर उभं करायला त्याच वर्षी त्याला बांबू जास्त लागतो, आणि तो मिळतो. इथं हक्क दिलाय तो घराच्या आढ्याला. आढं जळालं, हक्क संपला. पैसे भरणारी बाई समोर धडधाकट उभी आहे आणि तिच्या नावावर काहीच नाही.

एसटी लेखा-मेंढ्याच्या फाट्यावरून जाते. या गावाची गोष्ट आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं. कायद्यात गौण वनोपजाच्या यादीत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे बांबू गावाचा. तरी गावानं बांबू तोडून विकायचं ठरवलं तेव्हा गाडी अडली, कारण जंगलातून माल बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो. सगळे त्याला टीपी म्हणतात. टीपीचं पुस्तक वनखात्याकडे होतं, आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडात होते, असं खात्याचं म्हणणं होतं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती, म्हणजे ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढच्या वर्षी नियमच सुधारले आणि टीपी देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं.

२००९ ते २०११. दोन वर्षं हक्काचा कागद गावाकडे होता आणि बांबू जागचा हलत नव्हता. भाचीच्या केंद्रावर बसून ते कोपऱ्यातलं वाक्य वाचताना मला तीच दोन वर्षं दिसली.

इथं एक फरक मला नीट मांडायला हवा. बांबू मेंढ्याच्या जंगलात वाढतो, गावानं तो पिढ्यानपिढ्या राखला. विंडोज भाचीनं लिहिलेलं नाही. ज्या हजारो इंजिनिअरांनी ते लिहिलं त्यांची मजुरी त्यांना मिळायलाच हवी. फुकट द्या असं मी म्हणत नाही. एक परवाना चार ठिकाणी चालवायची मुभाही मागत नाही. एकदा मोबदला दिल्यावर, पहिलं यंत्र मेलं तर तो एक परवाना दुसऱ्या एका यंत्रावर यावा, एवढंच मागणं आहे. करारात बंधन लिहिलेलं असतं, लपवलेलं नसतं, हेही खरं. पण तो करार पहिल्यांदा चालू करताना पडद्यावर इंग्रजीत सरकत जातो, आणि खाली मान्य असं लिहिलेलं एकच बटण असतं.

हे मागणं जगावेगळं नाही. ओईएम विंडोज यंत्रापासून वेगळं विकलं म्हणून मायक्रोसॉफ्टनं बर्लिनच्या एका व्यापाऱ्यावर दावा लावला होता. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २००० साली निकाल व्यापाऱ्याच्या बाजूनं दिला: एकदा बाजारात सोडलेल्या प्रतीच्या पुढच्या प्रवासावर कंपनीला अशी अट लादता येत नाही. पुढे ३ जुलै २०१२ ला युरोपीय न्यायालयानं ओरॅकलच्या खटल्यात वापरलेला परवानासुद्धा पुढे विकता येतो असं सांगितलं, अट एवढीच की विकणाऱ्यानं आपली प्रत चालू ठेवायची नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २००४ साली टाटा कन्सल्टन्सीच्या प्रकरणात तयार सॉफ्टवेअर ही वस्तू आहे असं ठरवलं आणि २०२१ मध्ये तोच धागा पुढे नेला. ते दोन्ही खटले कराचे होते. कर घ्यायचा तेव्हा ती वस्तू ठरते. मग वस्तू विकत घेणाऱ्यालाही तिच्यावर वस्तूसारखा हक्क हवा, ही मला साधी मागणी वाटते, आणि ग्राहक चळवळीनं ती उचलावी असं मनापासून वाटतं.

भाचीला मात्र न्यायालयाची वाट बघायला वेळ नव्हता. जून तोंडावर होता. बारावीचा निकाल लागलेला, उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी पोरं पंधरा-वीस किलोमीटरवरून येऊन पायरीवर बसत होती. आम्ही जळालेला बोर्ड घेऊन वैनगंगा ओलांडून चंद्रपूरला गेलो. पहिल्या दुकानात मुलगा म्हणाला, "टेन्शन नका घेऊ मॅडम, मी मारून देतो विंडोज. क्रॅक आहे आपल्याकडं, कोणी विचारत नाही." भाचीनं विचारलं, "त्याच्यात व्हायरस असला तं?" त्यानं खांदे उडवले. तिच्या यंत्रावर लोकांचे आधार क्रमांक असतात, बँकेची कागदपत्रं असतात, अंगठ्याचे ठसे त्यावरून जातात. सुरक्षेची कुलपं तोडूनच जे आत शिरतं त्याच्या हाती हे सगळं द्यायचं नाही, हे तिनं माझ्या आधी ठरवलं. मला तिचा अभिमान वाटला.

लिनक्सचाही विचार झाला. आपल्या सी-डॅकनं बनवलेली बॉस नावाची प्रणाली आहे, उबुंटू आहे. त्यांच्या परवान्याला यंत्राचं बंधन नाही, पाच ठिकाणी न्या, दहा ठिकाणी न्या. मराठीही त्यांच्यावर उत्तम टंकता येतं, मी स्वतः हा लेख त्यावर लिहिते आहे. शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी त्यांचा गंभीरपणे विचार करावा. भाचीची अडचण अंगठ्याच्या यंत्राची होती. तिच्याकडच्या यंत्राचा ड्रायव्हर विंडोजवरच चालतो.

तेव्हा परवडणारा मार्ग एकच उरला आणि तो कराराच्या आतलाच आहे. परवाना यंत्राला बांधलेला असेल तर यंत्रासकट हलवायचा. ओईएमच्या अटींत पूर्ण संगणक दुसऱ्याला देता येतो आणि त्याचा परवाना त्याच्याबरोबर जातो. कार्यालयं आपली जुनी यंत्रं काढताना माहितीच्या भीतीनं डिस्क काढून घेतात. ती काढली तरी चिपमधली की शाबूत राहते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेली कितीतरी यंत्रं रद्दीत निघाली. त्यांच्यावर विंडोज ११ चढत नाही, म्हणून अशी आंधळेपणानं घेऊ नयेत. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचं यंत्र बघावं. तसं एक चंद्रपुरातच दुसऱ्या दुकानात मिळालं, आणि दुकानदारानं सांगण्याआधी भाचीनंच ती अक्षरं टंकून परवाना बघून घेतला.

गावी परतल्यावर तिनं एक वही केली. यंत्राचा क्रमांक, बिलाची प्रत, परवान्याची जात. शिवाय डिस्क कुलूपबंद असेल तर लागणारी अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की. हल्लीच्या विंडोजमध्ये ते कुलूप कित्येकदा आपोआप लागतं, आणि बोर्ड गेल्यावर ही की नसेल तर डिस्क वाचूनही आतलं काही हाती लागत नाही. यावेळी तिची डिस्क उघडी होती म्हणून निभावलं. वही वीज बिलाच्या फाईलशेजारी ठेवली. स्विचबोर्डाला अर्थिंगही करून घेतलं.

जळालेला बोर्ड तिनं भंगारात दिला नाही. टेबलाच्या खालच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "असू द्या मावशी. माझे पैसे त्याच्यातच आहेत."