प्रिंटर ओ देतो!

दोस्तांनो, संगणकावर ‘प्रिंट’ म्हटलं की पुष्कळदा घरातल्या प्रिंटरचं नाव आपोआप समोर येतं. हे त्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही! संगणक सरळ हाक मारतो, “कुणी प्रिंटर आहे का रे इथे?” ही हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर जाते. तिथे कान देऊन बसलेला प्रिंटर लगेच ओ देतो. ॲपलने ही सोय २००२ साली आणली. २००५ पासून तिचं नाव ‘बोंझूर’, म्हणजे फ्रेंच भाषेतला नमस्कार! लिनक्सवर हेच काम ‘अवाही’ करतं.

नाव घेण्याची रीत तर भारीच. नवं यंत्र पाव-पाव सेकंदाने तीनदा विचारतं, “हे नाव कुणाचं आहे का?” कुणी “माझं!” म्हणालं, तर ते निमूटपणे आपल्या नावापुढे २ लावतं. भांडण नाही, तंटा नाही.

मग कधी कधी प्रिंटर सापडत का नाही? कारण ही हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. फोन पाहुण्यांच्या वायफायवर आणि प्रिंटर घरच्या वायफायवर, तर कितीही ओरडा! आधी दोघांना एकाच वायफायवर आणा. तरीही गप्प? मग फायरवॉलने ५३५३ ची वाट अडवली आहे का, ते बघा.

पण बरं का, ओ दिलेली सगळ्यांनाच ऐकू जाते. तुमच्या लॅपटॉपचं नाव ‘सानिका नववी ब’ असेल, तर हॉटेलच्या वायफायवर बसलेल्या अनोळखी माणसालाही ते दिसू शकतं. आजच सेटिंगमध्ये जाऊन बदला. ‘खारूताई’ ठेवा, नाहीतर ‘बटाटेवडा’!