सदोष माल विकणाऱ्याचे काम पैसे घेऊन संपत नाही

‘दुकानदाराला कशाला धरता, तो फक्त विकतो, माल खराब निघाला तर कंपनीला विचारा.’ व्यापारी असे म्हणतात यात नवल नाही. पण पातूरच्या बाजारात आता गिऱ्हाईकही तेच म्हणू लागले आहे, आणि मला याचीच काळजी वाटते. घेतलेली वस्तू पंधरा दिवसांत बंद पडली, तर माणूस ती बदलून मागायला दुकानात जात नाही. तो जातो अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता विचारायला. ‘आमच्या हातात काई नाई भाऊ, कंपनीवाल्याले इचारा,’ हे उत्तर त्याने घरून निघतानाच मान्य केलेले असते. ही रीत अन्यायाची आहे आणि कायद्यालाही धरून नाही.

आधी व्यापाऱ्यांची बाजू पाहू, कारण ती अगदीच पोकळ नाही. त्यांचे पहिले म्हणणे असे की खोका बंद येतो आणि बंदच जातो. आतल्या दोषाशी आमचा संबंध काय? दोष त्यांनी निर्माण केला नाही हे खरेच. पण त्यावरून जबाबदारीही त्यांची नाही, हे निघत नाही. गिऱ्हाईकाने पैसे कंपनीला दिलेले नाहीत, दुकानात दिले आहेत. विकत घेणाऱ्याने आपली गरज सांगून, विकणाऱ्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवून माल घेतला, तर तो माल त्या कामाच्या लायक असलाच पाहिजे, ही अट आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्यापासून विक्रीत गृहीत धरलेली आहे. आणि व्यवहाराच्या अंगाने पाहिले तरी कंपनीपर्यंत पोचण्याची वाट कोणाजवळ आहे? दुकानदाराचे वितरकाकडे खाते असते, वितरकाचा माणूस ऑर्डर घ्यायला दुकानात येतो, माल घेऊन गाडी येते. खराब नग त्याच गाडीत परत जाऊ शकतो, त्याची रक्कम पुढच्या बिलात वळती होऊ शकते. गिऱ्हाईकाजवळ फक्त खोक्यावर छापलेला एक फोन नंबर असतो. या साखळीत ज्याचे हात सगळ्यात आखूड, त्यालाच सगळ्यात लांब पाठवायचे, याला न्याय म्हणता येणार नाही.

दुसरे म्हणणे गिऱ्हाईकांच्या वागणुकीबद्दल आहे. लग्नात नेसून झालेली साडी ‘रंग पसंत पडला नाही’ म्हणून परत आणणारे लोक आहेत. मोबाइल पाण्यात पाडून ‘आपोआप बंद पडला’ म्हणणारेही आहेत. अशा लोकांमुळे कापडवाला आणि मोबाइलवाला त्रासलेला असतो, आणि त्याचा त्रास खरा आहे. मन बदलले म्हणून माल परत घ्यावा अशी सक्ती कायद्यानेही केलेली नाही. ती व्हावी असे मलाही वाटत नाही. कायदा बोलतो तो सदोष मालाबद्दल. पण बिलाच्या तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला किंवा बदलून दिला जाणार नाही’ असे सरसकट छापले, की नापसंत साडी आणि पहिल्याच धुण्यात विरलेली साडी एकाच पारड्यात पडते. लबाड गिऱ्हाईकाला अडवण्यासाठी बांधलेली ही भिंत प्रामाणिक गिऱ्हाईकालाच आडवी येते.

त्या ओळीला कायद्यात काय किंमत आहे? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने १९९९ मध्येच राज्यांना कळवले होते की बिलावर असे छापणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तर ही गोष्ट कलमातच आली. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला व त्याचे पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा. या कलमात एक फट आहे, तीही सांगतो. मुदत ठरवण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे ठेवल्यामुळे कोणी बिलावर ‘तीन दिवस’ असेही छापू शकतो. शिलाई मशीनचा किंवा मिक्सरचा दोष तीन दिवसांत कळत नाही. किमान मुदत कायद्यानेच बांधून द्यायला हवी होती.

दुरुस्तीचा प्रश्न याहून बिकट आहे. पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप घ्या. जुलैत सोयाबीनवर खोडमाशी, चक्रीभुंगा दिसू लागतो. पाऊस दोन दिवस उघडीप देतो, तेवढ्यात फवारणी उरकावी लागते. टाकी भरली, औषध मिसळले, बटण दाबले. मोटर घरघरते, पण नोझलमधून नुसते थेंब पडतात. आलेगाव किंवा चान्नीकडचा शेतकरी पंप घेऊन आधी पातूर गाठतो. दुकानदार वॉरंटी कार्ड पाहून अकोल्याला पाठवतो. तिथे ‘पार्ट मागवावा लागेल’ असे सांगून पावती मिळते, पण पंप कधी मिळेल ती तारीख पावतीवर नसते. येण्याजाण्यात दिवस मोडतो, बोलावलेल्या मजुराची मजुरी द्यावी लागते, शेजाऱ्याकडून किंवा भाड्याने दुसरा पंप आणावा लागतो, तोवर पाऊस पुन्हा लागतो. हा खर्च कोणत्याही वॉरंटी कार्डावर धरलेला नसतो. आणि पंप सेंटरच्या फळीवर पडून असताना वॉरंटीचे दिवस मात्र सरतच असतात.

बरे, पातुरातच मोटार वाइंडिंगवाल्याने खोलून तासाभरात चालू करून दिला, तर ‘सील तुटले’ म्हणून वॉरंटी रद्द. सुटा भाग बाजारात मिळू द्यायचा नाही, गावातल्या कारागिराला हात लावू द्यायचा नाही आणि स्वतःची दुरुस्तीची सोय तालुक्याला ठेवायची नाही, असे हे धोरण आहे. केंद्राने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केले, आणि ज्या क्षेत्रांपासून सुरुवात करायची ठरवली त्यांत शेती अवजारे आहेत. निवड योग्य आहे. पण हा हक्क कायद्याचे बंधन होऊन तालुक्याच्या दुकानापर्यंत आला पाहिजे.

बियाण्याचे काय, हा प्रश्न आमच्या भागात सगळ्यात आधी विचारायला हवा. ही वस्तू परतच करता येत नाही. दोष कळतो तेव्हा माल मातीत गेलेला असतो, आणि पेरणीचे दिवसही गेलेले असतात. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारींचा ढीग पडला. आदल्या वर्षीच्या काढणीच्या वेळी परतीच्या पावसाने बियाणे भिजले होते, आणि सोयाबीनचे कवच नाजूक असल्यामुळे उगवणशक्ती घटली होती. तक्रारी खासगी कंपन्यांबद्दल होत्या, तशा अकोल्यातच मुख्यालय असलेल्या महाबीजबद्दलही होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. काही ठिकाणी बियाणे बदलून मिळाले. पण दुबार पेरणीची नांगरट-वखरट, खत, मजुरी आणि हातचा गेलेला हंगाम बदली पिशवीत येत नाही.

इथेही विक्रेत्यांचे उत्तर तेच: पिशवी सीलबंद होती. २०२३ मध्ये राज्य सरकारने बोगस बियाणे, खते, कीटकनाशके यांविरुद्ध कडक विधेयके आणली, तेव्हा कृषी निविष्ठा विक्रेत्यांनी नोव्हेंबरात राज्यभर दुकाने बंद ठेवली. त्यांचा एक आक्षेप मला पटतो. सीलबंद माल विकणाऱ्याला झोपडपट्टीदादांसाठी केलेल्या कायद्याखाली धरण्याची त्या विधेयकांतली तरतूद हा अतिरेक होता. तुरुंगात जाण्याइतका दोष सिद्ध व्हायचा तर त्याला माहीत होते हे दाखवावे लागेल. मात्र पैसे परत करण्यासाठी माहीत असण्याची गरज नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर अर्धा वाद मिटेल. तुरुंगाची भीती दाखवू नका, पण परताव्यातून सुटकाही देऊ नका.

‘पेरणी खोल झाली असेल, ओल कमी असेल, नमुना कुठे आहे?’ असे म्हणून शेतकऱ्याला परतवण्याची सवयही जुनी आहे. सोयाबीन फार खोल गेले तर उगवण घटते, हे खरे. म्हणून तर शेतात येऊन पंचनामा करायचा असतो. पण सगळे बियाणे पेरून टाकणाऱ्याकडे प्रयोगशाळेसाठी नमुना मागणे गैर आहे. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये हेच सांगितले: शेतकरी हा ग्राहक आहे, बियाणे कायदा वेगळा असला तरी ग्राहक कायद्याचा दरवाजा त्याला उघडा आहे, आणि त्याने बियाण्याचा नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही.

तिसरे म्हणणे नफ्याचे. ऑनलाइन कंपन्यांनी धंदा खाल्ला, टक्का-दोन टक्क्यांवर माल विकतो, त्यात बदलून कसा देणार? तालुक्याच्या दुकानदाराची ही ओढाताण मला दिसते. पण ऑनलाइन माल घेणारा माणूस काय शोधतो? किंमत, आणि खराब निघाला तर विनाकटकट परत जाण्याची खात्री. किमतीत पातूरचा दुकानदार त्या कंपन्यांना गाठू शकणार नाही. खात्री मात्र तो त्यांच्यापेक्षा जास्त देऊ शकतो, कारण त्याचा चेहरा, त्याचे नाव आणि त्याचे दुकान गिऱ्हाईकाला माहीत आहे. तीच खात्री बिलाच्या तळाशी नाकारली, तर त्याच्याकडे येण्याचे कारण काय उरले?

म्हणून माझे मागणे असे. ३० दिवसांत दोष निघाला तर वस्तू दुकानानेच घ्यावी, बदलून द्यावी किंवा पैसे द्यावेत. वितरकाशी हिशेब त्याने करावा. त्यानंतरची दुरुस्ती असेल तर वस्तू दुकानात जमा व्हावी, पावतीवर परत मिळण्याची तारीख असावी आणि दुरुस्तीत गेलेले दिवस वॉरंटीत वाढवून मिळावेत. हंगामी अवजार असेल तर तोवर पर्यायी वस्तू द्यावी. एकच दोष दुसऱ्यांदा निघाला तर पुन्हा दुरुस्ती नको, वस्तूच बदलावी. यातला बोजा छोट्या दुकानदाराने एकट्याने सोसावा असे मी म्हणत नाही. तालुक्यातल्या व्यापारी संघटनांनी वितरकांकडून सदोष माल परत घेण्याची लेखी हमी मागावी; एकट्या दुकानदाराला कंपनी जुमानत नाही, सगळ्यांनी मिळून मागितले तर तिला ऐकावे लागेल.

आणि गिऱ्हाईकाला सांगायचे ते हे. पक्के बिल घ्या. बियाण्याचे असेल तर त्यावर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ प्रमाणे विक्रेत्याला बिल द्यावेच लागते. पिशवी, टॅग आणि जमले तर मूठभर बियाणे पीक घरात येईपर्यंत जपा. उगवण झाली नाही तर मोडणी करण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. दुकानदाराने हात वर केले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. कंपनी मुंबईची असो की हैदराबादची, खटला तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालतो. वकील लावलाच पाहिजे असे नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मालासाठी शुल्क लागत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, ती जाऊ देऊ नका.