अब्बांची चेतक: बदलायचं काय आणि वाचवायचं काय

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा अब्बांची बजाज चेतक जिन्याखाली उभी होती. पाणी ओसरलं तेव्हा ती हँडलपर्यंत गाळात. अब्बांना जाऊन तीन वर्षं झाली होती. चार दिवसांनी भंगारवाला दारात आला, स्कूटरकडे पाहून किलोचा भाव बोलला, आणि अम्मी काही न बोलता आत निघून गेली. गाडी पुन्हा चालती करायची हे मी तिथंच ठरवलं.

जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, मिळतील ते सगळे पार्ट नवे टाका आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, कंपनीच्या मूळ नटबोल्टालाही हात लावू नका. या दोन्ही मंडळींचं मला पटत नाही. पण हे शहाणपण मला एक नुकसान झाल्यावर आलं, म्हणून आधी ते सांगतो.

पहिल्या गॅरेजमध्ये तासाभरात यादी तयार झाली: सिलिंडर-पिस्टन नवा, क्रँक नवा, कार्बोरेटर नवा, वायरिंग नवं, इंजिनचा केससुद्धा नवा, कारण त्याचा एक कान तडकला होता. "सगळं मिळतं सर, टेन्शन घेऊ नका." मी म्हटलं, "जे लागेल ते करा." चूक माझी ती हीच. दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर गेलो, तर डिकीला नवं कोरं झाकण बसलेलं. जुन्या झाकणाच्या आतल्या बाजूला अब्बांनी पांढऱ्या रंगानं, बारीक उर्दू अक्षरात, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते आणि सर्व्हिसिंगच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. सगळ्यात वरची तारीख १९८५ची, गाडी घरी आली त्या वर्षाची; मी तेव्हा बालवाडीत होतो. झाकण कुठे आहे विचारलं तर म्हणाले, गंजलेलं होतं, टाकलं. त्यांचंही बरोबरच होतं. गंजलेलंच होतं.

गाडी टेम्पोत घालून मी दुसऱ्या मिस्त्रींकडे नेली. सत्तरीचे गृहस्थ, कान थोडे जड. त्यांनी यादी वगैरे केली नाही. एकेक भाग सोडवून रॉकेलमध्ये धुतला, बोटानं चाचपला आणि दोन ढीग केले. मी विचारलं, हे ठरवता कसं? म्हणाले, "जे झिजायलाच बनवलंय ते बदलायचं. जे दुसऱ्याला धरून ठेवतं ते वाचवायचं."

चेतकचा सिलिंडर बिडाचा असतो. मूळ बोअर ५७ मिलिमीटर. आत गंजाचे खड्डे पडले होते, पण बीड जाड असल्यामुळे तो आतून खरवडून मोठा करता येतो आणि त्याला पाव-पाव मिलिमीटरनं मोठे पिस्टन मिळतात. आमचा सिलिंडर कुंभार्ली घाट चढून कोल्हापूरच्या एका लेथवर गेला आणि ५७.५ होऊन आला. पिस्टन आणि रिंगा अर्थातच नव्या. म्हणजे दुरुस्तीतही बदली आलीच, फक्त ती कुठे थांबवायची ते कळायला हवं. क्रँकचंही तसंच: तो दाबून उघडला, नवी पिन, नवी बेअरिंग, नवा रॉड घातला आणि पुन्हा सरळ करून बसवला. बाजारात मिळणारा तयार क्रँक मिस्त्रींनी हातात घेऊन फिरवला आणि दुकानदाराला परत दिला. का, ते सांगितलं नाही. कार्बोरेटरच्या फक्त सुई, जेट आणि गॅस्केट नव्या.

याउलट वायरिंग त्यांनी मुळापासून उपटून टाकलं. पुराच्या पाण्यानं आतलं तांबं हिरवं पडलं होतं. ब्रेकचे लायनर, सगळ्या केबली, ऑइल सील, टायर-ट्यूब नवे. इथे मी भावुक होऊन "टायर तर चांगले दिसतात" म्हणालो, तर त्यांनी टायरच्या बाजूच्या भेगा नखानं उघडून दाखवल्या. आठवण जपायची म्हणून ब्रेक जुने ठेवणारे लोक मी पाहिलेत. घाट उतरताना त्यांच्या मागे मुलंबाळं बसतात, हे विसरू नये.

राहिला तो तडकलेला केस. नवा घेणं सोपं होतं. पण इंजिन नंबर त्याच्यावरच ठोकलेला असतो. आणि चेतकला वेगळी चौकट नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची चेसिस, त्यामुळे चेसिस नंबरही बॉडीवरच. बॉडी गेली, केस गेला, की आरसी बुकात लिहिलेली गाडी उरतेच कुठे? २०२१ सालीच केंद्र सरकारनं ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यांतही अट हीच, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. आमचीला ५० वर्षं २०३५मध्ये होतील. मिस्त्रींना हा नियम ठाऊक नव्हता. तरी त्यांनी केसचा कान आर्गन वेल्डिंग करून घेतला, आणि तळाचा पत्रा खाऱ्या हवेनं खाल्ला होता तेवढाच कापून तिथे ठिगळ लावलं.

भाषेचा मास्तर असल्यामुळे एक गोष्ट मला गंमतीची वाटते. मराठीतला 'दुरुस्त' फारसीतून आला, 'मरम्मत' अरबीतून, आणि 'बदल' हाही अरबीच. सगळे एकाच वाटेनं आपल्याकडे आले, पण आज गॅरेजात चालतो तो शेवटचाच. माझ्या वर्गातली तीन-चार मुलं सुट्टीत गॅरेजवर जातात. पार्ट बदलायला ती महिन्याभरात शिकतात. बोअरचं माप घ्यायला, झीज बोटाला ओळखायला कोणी शिकवत नाही, कारण त्यात वेळ जातो आणि गिऱ्हाईक घाईत असतं. माझ्यासारखं. हा हुनर आपल्याच मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या होता. तो जातोय, आणि आपण नव्या पार्टांच्या पिशव्या फोडत बसलोय.

हे सगळं स्वस्तात झालं असंही नाही. पाच महिने लागले, आणि गाडी विकली तर येणार नाहीत एवढे पैसे गेले. ज्याला रोज कामावर जायला गाडी हवी, त्याला मी हा मार्ग सांगणार नाही. त्यानं खुशाल नवे पार्ट टाकावेत. पण बापाची गाडी म्हणून उभी करायची असेल, तर गॅरेजात ठेवण्याआधी एकदा सगळी झाकणं उघडून आत काय लिहिलंय ते बघून घ्या, आणि काढलेला प्रत्येक भाग पोत्यात भरून परत मागा.

आता ती दुसऱ्या किकला चालू होते. इंजिन उजवीकडे असल्यामुळे सुरू करण्याआधी थोडी डावीकडे झुकवायची, ही अब्बांची सवय मी उचलली आहे. तिचा काही उपयोग आहे का, देव जाणे. डिकीचं झाकण मात्र ते नवंच आहे. अम्मी म्हणते, तुझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं आहे, तूच लिहून टाक. पांढरा रंग आणून ठेवलाय. अजून लिहिलेलं नाही.