शोधाला सीमा, जतनाला नाहीं

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण खरी. पण वाळूज-चिकलठाण्याच्या कारखानदारांस ती सदैव पाळतां येते असें नाहीं. आमच्या नगरांत मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ १९८१ सालीं आलें. पुढें २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्यानें अशा दाव्यांतील पक्षकारांवर आपल्या ताब्यांतील संबंधित कागद आरंभींच उघड करण्याचें बंधन घातलें. हे कागद आतां बहुधा ई-मेलच्या रूपानें असतात.

वाचक म्हणतील, यंत्राला शोधावयास कितीसा वेळ? घोटाळा येथेंच आहे. जें यंत्र वकिलासाठीं शेंकडों टपालपेट्या धुंडाळतें, तेंच त्या घटकेस भांडारांतलें मागणीपत्रही पोहोंचवीत असतें. शोध मोकाट सोडला, तर दाव्याशीं ज्यांचा कांहींही संबंध नाहीं त्यांचें काम तुंबतें. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २०१३ या प्रणालींत असे शोध एका वेळीं दोनच चालावेत, अशी मूळची मर्यादा होती. शब्दसंख्येस व कालावधीसही कुंपण होतें. संस्कृतांत सूचीकटाहन्याय म्हणून आहे: सुई व कढई अशीं दोन्ही कामें आलीं, तर लोहार सुई आधीं घडवितो. पत्र पोहोंचविणें ही सुई, शोध ही कढई.

कायद्यालाही हें तत्त्व नवें नाहीं. निष्पक्ष निवाड्यासाठीं वा खर्च वांचविण्यासाठीं आवश्यक नसेल, तर कागद उघड करण्याचा हुकूम देऊं नये, असें १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अकराव्या आदेशांत सांगितलें आहे. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदाही, मागितलेल्या स्वरूपांत माहिती देण्यानें कचेरीचीं साधनें प्रमाणाबाहेर खर्चीं पडत असतील, तर स्वरूप बदलण्यास मोकळीक देतो. माहिती नाकारण्यास नव्हे.

हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तंटा दिसूं लागतांच पत्रें पुसलीं जाणार नाहींत अशी तजवीज प्रथम करावी. तींत काटकसर नको. मग कोणाच्या पेट्या, कोणते महिने, कोणते शब्द, हें उभय वकिलांनीं ठरवावें, आणि शोध रात्रीं चालवावा. मुदत संपून तो अर्धवट थांबला, तर तसें स्पष्ट लिहावें. 'कांहीं सांपडलें नाहीं' आणि 'सगळें पाहिलें नाहीं' हीं दोन वाक्यें एक नव्हत. त्यांतील अंतर लपविलें, तर एखाद्या लहान पुरवठादाराचें न्याय्य येणें न उघडलेल्या पेटींतच राहून जाईल.