नऊ आठवड्यांची आगाऊ सूचना

सध्या पोस्टिंग बंगळुरूला, मुक्काम महादेवपुऱ्यात. सोसायटीतली मांजरी गाभण दिसली की लगेच कोणीतरी सुचवतं, पोत्यात घालून लांब सोडून या. मला हे मान्य नाही. अनोळखी जागी, भरल्या पोटी ती तगणार कशी?

मांजरी साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास स्तनाग्रं गुलाबी होतात, पाचव्यानंतर पोट दिसू लागतं. पोट दाबून बघू नका. खात्री पशुवैद्य करतील. एवढी आगाऊ सूचना तर आम्हा फौजींनाही क्वचितच मिळते!

आणि तयारी ती केवढी? जिन्याखाली शांत कोपरा, एक खोकं, जुनी चादर, पाणी आणि थोडं जास्तीचं खाणं. विताना गर्दी नको, लांबून लक्ष ठेवा. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू आलं नाही, तर डॉक्टर गाठा.

पिल्लं किमान आठ आठवडे आईजवळ राहू द्या. मग डॉक्टरांना विचारून तिची नसबंदी करा. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. हद्दपारीने प्रश्न फक्त शेजारच्या गल्लीत जातो, नसबंदीने तो मिटतो.

जय हिंद.